कणकेतलं दूध

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात शेळगावात पिझ्झा म्हणजे काय हे ठाऊक असलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती, आणि त्यांतलं एक माणूस आठ वर्षांचं होतं. सोनम तिचं नाव. होळीच्या सुमारास बारामतीला डॉक्टरांकडे गेली असताना शेजारच्या बेकरीत काचेआड तिनं तो पाहिला. भाकरीएवढा गोल, वर टोमॅटो आणि ढोबळी मिरचीच्या चकत्या, आणि त्यांच्यावर वितळून पसरलेलं काहीतरी पिवळट पांढरं. बाकावर बसून एक मुलगा तो खात होता. प्रत्येक घासाला त्याच्या तोंडापासून हातापर्यंत तार निघत होती. सोनम तिथंच खिळली. तिचा बाप दादासो खिशात हात घालू लागला, पण आईनं, मनिषानं, आधी बेकरीवाल्याला विचारलं, "वरचं ते काय हाय?"

"चीज. दुधाचं असतंय."

मनिषानं पोरीचं मनगट धरलं आणि तिला रस्त्यावर आणलं.

सोनमला दूध बाधत होतं. बाधत होतं म्हणजे पोट बिघडण्यापुरतं नव्हे. लहानपणापासून ती दुधाला तोंडच लावत नसे. माघात लोणी भापकरला एका लग्नात कुणीतरी मायेनं तिच्या तोंडात बासुंदीचा चमचा घातला, आणि पंगत उठायच्या आत पोरीचे ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. लग्नातल्याच एका जीपमधून तिला बारामतीला नेलं. डॉक्टरांनी वाचवलं आणि बजावलं, दूध, दही, ताक, लोणी, तूप, काही म्हणजे काही द्यायचं नाही. पुढच्या खेपेला एवढा वेळ मिळेलच असं नाही. मनिषानं घरी आल्यावर आठ दिवसांत म्हैस विकली. तेव्हापासून त्या घरात पाव्हण्यालासुद्धा कोरा चहा मिळू लागला.

दादासोची आई कुशाबाई हे सगळं घडलं तेव्हा कोकणात होती. जन्मभर ती दिवाळी झाली की मेंढरांमागं घाट उतरत आली होती. नवरा, म्हस्कूआबा, गेल्यावरही दोन वर्षं दिराच्या कळपाबरोबर ती गेली. या चैत्रात मात्र गुडघ्यांनी साथ सोडली. आपल्या वाट्याची मेंढरं विकून, लेकुरवाळ्या दोन मेंढ्या तेवढ्या ठेवून ती कायमची घरी आली. दादासो लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला, मनिषा उसाच्या खुरपणीला, तेव्हा सुट्टीतली पोरगी दिवसभर आजीच्या हवाली असे.

घरी आल्यावर तिनं लग्नातली हकिकत चार जणांकडून ऐकली. पण ते सुजलेलं तोंड काही तिनं पाहिलं नव्हतं. तिला दिसत होत्या त्या पोरीच्या काटकुळ्या मांड्या. धनगराच्या घरात दुधाचा थेंब नाही आणि नात अशी वाळून चाललेली, हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

"म्हशीचं जड असतं, गाईचं थंड," ती एकदा मनिषाला म्हणाली होती. "मेंढीचं औषध असतंय. दादासोला मी त्याच्यावरच जगवला कोकणच्या वाटंवर."

"डाक्तर म्हणलं कुठलंच न्हाय."

"डाक्तरनं मेंढी बघितली हाय का कधी?"

"आत्याबाई," मनिषा म्हणाली, "तुमच्या मेंढ्या वाड्यात ऱ्हाऊ द्या. भांडं बी तितंच ऱ्हाऊ द्या. घरात आणू नका." तिनं आवाज चढवला नव्हता, पण त्यावर काही बोलायला जागाही ठेवली नव्हती.

कुशाबाई वाड्याकडं निघून गेली. पण तिच्या डोक्यात एक गोष्ट होती, आणि ती तिच्या दृष्टीनं वाऱ्यावरची नव्हती, चाळीस वर्षांच्या कामातून आलेली होती. आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीच्या दुधाला लावलं की पहिल्यांदा त्याला ते सोसत नाही, हगवण लागते. म्हणून काय त्याला उपाशी मारायचं? पहिल्या दिवशी दुधात बोट बुडवून तेवढंच चाटवायचं. दुसऱ्या दिवशी दोनदा. असं बोटाबोटानं वाढवत नेलं की पंधरवड्यात कोकरू उड्या मारतं. अशी किती कोकरं तिनं पदराखाली वाढवली होती. माणसाचं पोट काही वेगळ्या मातीचं नसतं, असं तिला वाटे.

तिनं सुरुवात केली. मनिषा रानात गेली की शिळी भाकरी कुस्करून, गूळ आणि तेल घालून ती सोनमला मलिद्याचा लाडू वळून देई. त्यात मेंढीच्या दुधात बुडवलेलं एक बोट. पोरगी खाऊन खेळायला पळे. काही झालं नाही. मग दोन बोटं. मग तीन.

इकडे मनिषाचं वेगळंच चाललं होतं. बेकरीच्या काचेसमोरून ओढून आणलेली पोरगी घरी येऊन रडली नव्हती, हट्ट केला नव्हता. तिनं वहीत पिझ्झ्याचं चित्र काढलं होतं आणि चीजच्या जागी खडूनं पिवळ्या तारा ओढल्या होत्या. ते चित्र पाहिल्यापासून मनिषाला चैन नव्हतं. इंदापूरला बायकांसाठी भुईमुगाच्या आणि सोयाबीनच्या पदार्थांचा एक वर्ग निघाला, तिथं ती दहा दिवस गेली. शिकवणाऱ्या कौसल्याबाईंना तिनं सरळ विचारलं की शेंगदाण्याच्या दुधाचं चीज होईल का. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा बिघडलं, तिसऱ्यांदा साबुदाण्याचं पीठ घालून पाहिलं आणि तार निघाली.

मग शनिवार ठरला. सोनमनं आपल्या मैत्रिणीला, शेजारच्या म्हाळसाला, आवतन दिलं. मनिषानं बारामतीहून मैदा आणि पुडीत बांधलेलं यीस्ट आणलं. आदल्या रात्री शेंगदाणे भिजत घातले. पाट्याला कधीकाळी दह्यातली चटणी लागली असेल म्हणून तो राखेनं घासून वर उकळतं पाणी ओतलं. कढई नवी आणली. कुशाबाई हे सगळं बघत होती आणि मनात म्हणत होती, एवढा खटाटोप, आणि वाड्यात दोन मेंढ्यांची कास भरून वाहतीय.

शनिवारी सकाळी पोरी दाण्यांची सालं काढायला बसल्या. मनिषानं दाणे वाटले, फडक्यातून दूध गाळलं आणि ते कढईत घालून ढवळायला बसली. हातचं सोडवत नव्हतं म्हणून ती म्हणाली, "आत्याबाई, तेवढी कणीक तुमी मळा. तुमच्या हाताला मऊ येती. यीस्टचं पाणी त्या तांब्यात हाय, लागलं तर कोमट पाणी घाला. दुसरं काय न्हाय."

"बरं," कुशाबाई म्हणाली, आणि परात घेऊन मागच्या पडवीत गेली.

पडवीच्या कडेला मेंढ्यांचा वाडा. कोनाड्यात पितळी गडू, त्यात सकाळचं दूध. कुशाबाईनं मैद्यात आळं केलं, यीस्टचं पाणी ओतलं, आणि थोडा वेळ हात तसाच ठेवला. बोटांची वेळ आता संपली, असं तिनं ठरवलं होतं. आज सकाळच्या लाडवात तर तिनं चमचाभर घातलं होतं. आज पोरगी पोटभर खाईल, हसत झोपेल, आणि उद्या सकाळी आपण मनिषाला सांगू, की बाई, तुझी पोरगी दूध प्याली. मग म्हैस परत येईल घरात. तिनं गडू उचलला आणि पळीभर दूध आळ्यात सोडलं. कणीक छान मळली गेली, लोण्यासारखी. तिनं ती ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली.

आत कढईत दूध घट्ट होत आलं होतं. मनिषानं साबुदाण्याचं पीठ, तेल, मीठ घातलं, लिंबू पिळलं. उलथनं वर उचललं तर खाली तार लोंबली.

"ही तर खळ झाली काकू," म्हाळसा म्हणाली. "वह्यांना कव्हर घालायची."

"मग आधी तुझं तोंड चिकटवून बघू का?"

सोनम हसली आणि हसता हसता खोकली. मनिषानं वळून पाहिलं. "धूर गेला," सोनम लगेच म्हणाली.

चीज ताटात ओतून गार व्हायला ठेवलं. दोन तासांनी कणीक फुगली. मनिषानं टोमॅटो शिजवून रस्सा आटवला, मिरच्या चिरल्या. भट्टी कुठून आणायची, म्हणून मोठ्या कढईत वाळू तापवून, वर झाकण ठेवून झाकणावर निखारे घालायचे, असं ठरलं होतं. निखारे आणायला कुशाबाई मागच्या चुलीशी गेली. तिच्यामागं सोनम आली.

"आज्जे, पाणी दे गं. माठातलं."

कुशाबाईनं तांब्या दिला. पोरगी घोट घेऊन मान वाकडी करत गिळत होती.

"काय गं?"

"घशात काट्यावानी होतंय."

"कवापासनं?"

सोनमनं दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आईला सांगू नगंस. चार दिस झालं. आधी ओठच खाजत हुतं. मग मानंला गाठी आल्या, मी वेण्या सोडून झाकल्या. आज सकाळधरनं घसा. आई म्हणल काय तरी बाधलंय, आज नगं. मग पिझ्झा करायचीच न्हाय ती. एवढा खाल्ला की सांगती मी तिला."

कुशाबाईनं तिचे मोकळे केस बाजूला केले. मानेवर गांधीलमाशी चावल्यासारख्या तांबड्या गाठी होत्या. एक, दोन, पाच. कानामागंही.

हातातला चिमटा निखाऱ्यासह खाली आला. बोटाबोटानं चाटवण्याच्या त्या पद्धतीला आणखी एक अंग होतं, आणि ते तिला म्हस्कूआबानं शिकवलं होतं, अगदी नवी नवरी असताना. रोज कोकराकडं नीट बघायचं. काल होतं त्यापेक्षा आज बरं असलं पाहिजे. काल होतं त्यापेक्षा आज वाईट दिसलं, की बोट मागं घ्यायचं. एकदा तिनं घेतलं नव्हतं आणि सकाळी ताठ झालेलं कोकरू तिनंच उचलून बाजूला ठेवलं होतं. आणि हितं? हितं तिनं बघितलंच नव्हतं. चार दिवस पोरगी वेण्या सोडून फिरत होती आणि आपण तिच्या मांड्या जाड झाल्या का ते पाहत होतो.

ती आत आली तेव्हा मनिषानं पहिला पिझ्झा लाटून, वर सगळं पसरून कढईत ठेवलाही होता. म्हाळसा आणि सोनम दोघी पाटावर बसल्या.

"मनिषा, कणीक आंबलीया गं. टाकून दे. दुसरी मळू."

मनिषानं वास घेतला. "आंबाया पायजेच ती. यीस्ट घातलंय न्हवं."

परात आणि कढई दोन्ही पायानं उलथवाव्यात, असं कुशाबाईच्या मनात आलं. म्हातारीचा पाय अडखळला, कोण काय म्हणणार आहे. कणीक मातीत जाईल आणि कुणाला काही कळणार नाही. पण सकाळचा चमचा पोरीच्या पोटात होता. रात्री तिचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला तर मनिषा शोधत बसेल काय खाल्लं ते, आणि डॉक्टर विचारतील, आणि सांगणारं माणूस कोपऱ्यात गोधडी पांघरून गप्प पडलेलं असेल.

"कणकेत दूध हाय," ती म्हणाली.

मनिषाला आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. ती कढईकडंच बघत होती.

"मेंढीचं. मी घातलंय. आणि पोरीला रोज लाडवातनं देतीया मी. आठ दिस झालं. आज सकाळी चमचाभर. तिच्या मानंला बघ."

मनिषा उठली. तिनं पोरीला उभं केलं, केस वर धरले, मान पाहिली, ओठ पाहिले, छातीला कान लावला. फळीवरून बारामतीच्या डॉक्टरांनी दिलेली औषधाची बाटली काढून तिनं झाकणभर पाजलं. मग म्हाळसाला म्हणाली, "पळ, जीपवाल्या माऊलीला म्हणावं गाडी काढ. इंदापूरला जायचंय. आत्ता." म्हाळसा अनवाणीच पळाली.

"आई, पिझ्झा," सोनम म्हणाली.

"करू. परत करू."

"पण हा तर झालाय."

मनिषानं कढई उतरवून झाकणासकट बाहेर नेली आणि उकिरड्यावर पालथी घातली. सोनम तेव्हा रडली, पहिल्यांदा. आवाज न करता, कारण घसा दुखत होता.

जीप दारात आल्यावर कुशाबाई भिंतीला टेकून उभी होती. आपण मागं राहायचं हे ती धरून चालली होती.

"बसा गाडीत," मनिषा म्हणाली.

"मी कशाला?"

"कुठल्या दिशी किती दिलं ते मला म्हाईत न्हाय. डाक्तरला तुमीच सांगायचं."

जन्मात कुशाबाई डॉक्टरपुढं उभी राहिली नव्हती. इंदापूरच्या त्या खोलीत, औषधाच्या वासात, एका तरुण मुलापुढं तिला सगळं सांगावं लागलं. गेल्या शनिवारी एक बोट, सोमवारी दोन, असं. मधेच ती अडखळली तेव्हा मनिषानं मदत केली नाही. डॉक्टरनं लिहून घेतलं, पोरीच्या दंडात सुई टोचली आणि म्हणाला, "घरी जायचं नाही. संध्याकाळपर्यंत इथंच बसायचं." त्यानं म्हातारीला रागावलंही नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

तासाभरानं सोनमचा श्वास भरभर चालू लागला. आणखी एक सुई झाली. मनिषा खाटेवर आणि कुशाबाई दाराशी फरशीवर, अशा दोघी बसून होत्या. छातीचा तो आवाज कुशाबाईनं आता स्वतः ऐकला, बारीक, फटीतून वारा जावा तसा, आणि तो थांबेपर्यंत तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. चारच्या सुमारास आवाज विरला. पोरीनं डोळे उघडून विचारलं, "म्हाळसानं चीज खाल्लं का एकटीनं?"

"न्हाय. फडक्यात ठेवलंय. वाळणार न्हाय," मनिषा म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून तिनं पदर डोळ्यांना लावला.

कामावरून परतलेल्या दादासोला त्या रात्री काय सांगायचं ते मनिषानं सासूवर सोडलं. कुशाबाईनं सांगितलं. दादासो ऐकून उठला आणि अंगणात जाऊन बसला. तो आईशी दोन दिवस बोलला नाही.

रविवारी पहाटे कुशाबाईनं दोन्ही मेंढ्या आणि त्यांची कोकरं नुकत्याच घाट चढून परतलेल्या दिराच्या कळपात नेऊन सोडली. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. परत येऊन तिनं परात, पळी, गडू राखेनं घासून अंगणात उन्हात ठेवलं आणि स्वतः कडुनिंबाखाली बसून राहिली. घराचा उंबरा तिनं ओलांडला नाही.

आत मनिषानं नवी कणीक मळली, स्वतः. दुपारी पिझ्झा झाला. कडेनं करपला होता, मधे थोडा कच्चा होता, चीज बेकरीतल्यासारखं पसरलं नव्हतं, गोळ्यागोळ्यानं वितळलं होतं. दारातून कुशाबाईला सोनमची पाठ आणि वर उचललेला हात दिसत होता. हातापासून तोंडापर्यंत तार निघाली, वीतभर, आणि तुटली.

"बेकरीतल्यापरीस ह्यो चांगलाय," सोनम म्हणाली.

"तू कवा खाल्लास गं बेकरीतला?" म्हाळसानं विचारलं.

"न खाता बी कळतंय मला."

तिच्या खाण्याकडं मनिषा बघत होती, घास न घास. तिच्या स्वतःच्या ताटातला तुकडा गार होऊन कडक झाला. नंतर तिनं एक तुकडा ताटलीत घालून कडुनिंबाखाली ठेवला आणि आत गेली. कुशाबाईनं तो खाल्ला. शेंगदाण्याची आणि लिंबाची चव होती. चांगला होता.

सोमवार उजाडला तसा पोरीला कुठं ठेवायचं हा प्रश्न उभा राहिला. मनिषाची खुरपणी चुकवून चालणार नव्हतं. तिनं भाकरी बांधली, पाण्याची कळशी घेतली, सोनमच्या डोक्याला ओलं फडकं बांधलं आणि तिला बरोबर घेऊन निघाली. वैशाखाचं ऊन आठलाच डोळ्यांवर येत होतं.

"आज्जीजवळ ऱ्हाते की मी," सोनम म्हणाली.

"चल तू."

कुशाबाई अंगणात उभी होती. माय-लेकी ओढा ओलांडून गेल्यावर तिनं काठी घेतली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी त्याच वाटेनं निघाली. उसाच्या कडेला एक बाभूळ होती. तिच्या सावलीत सोनमला बसवलं होतं. कुशाबाई तिथं गेली नाही. पाच-सात कासरे अलीकडं, बांधावर, दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून ती बसली. सोनमनं हात हलवला. तिनंही हलवला. पण जागची हलली नाही.

मनिषानं खुरपणीची पहिली पात लावून मान वर केली तेव्हा तिला सासू दिसली. ती पुन्हा खाली वाकली. असं चार-पाच वेळा झालं. दुपारी भाकरी सोडल्यावर तिनं एक भाकरी आणि कांदा फडक्यावर काढला, पोरीच्या हाती दिला नाही, स्वतः उठून बांधावर गेली.

"हितं ऊन हाय," ती म्हणाली.

"असूं दे."

"उद्या बी येणार का?"

"तू म्हणशील तर येईन. पोरीला हात लावायची न्हाय. काय द्यायची न्हाय. तू खुरपताना नुस्ती बघत बसंन."

मनिषानं भाकरी तिच्यापुढं ठेवली.

"बाभळीखाली बसा मग," ती म्हणाली. "पण ती कळशी मधी ठेवीन मी. आणि पाणी तिचं ती घील."

"व्हय," कुशाबाई म्हणाली, आणि उठायला काठी टेकली.